सरकारचा पैसा, संस्थेची शाळा

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात श्रावण लागला की दूरदूरच्या विद्वान ब्राह्मणांची पावलं मावळातल्या तळेगावकडे वळत. सेनापती खंडेराव दाभाडे तिथे दक्षिणा वाटत. ही मंडळी आपापल्या घरी विद्यार्थी ठेवून त्यांना वेद, व्याकरण, न्याय शिकवत. त्यांची शाळा खासगी होती आणि तिला आधार मिळत होता तो सेनापतींच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातून. खासगी शाळांना सरकारने पैसा द्यावा का, यावर आज विधिमंडळात, न्यायालयात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर जो वाद चालतो, त्याची महाराष्ट्रातली एक जुनी मुळी अशी थेट तळेगाव दाभाड्यात सापडते. लोणावळ्याच्या लोकलने रोज या गावावरून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

खंडेराव १७२९ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या रणात बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडले आणि दक्षिणा वाटण्याचा रिवाज पेशव्यांनी पुण्याला नेला. पुढे पर्वतीच्या रमण्यात हजारो ब्राह्मण जमू लागले आणि खर्च लाखांच्या घरात गेला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी इंग्रजांनी दक्षिणा बंद केली नाही. गव्हर्नर एल्फिन्स्टनने तिला फक्त वळण दिलं. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली ती याच पैशावर. डेक्कन कॉलेजचा उगम या पाठशाळेत आहे.

इथून पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. सनातनी पुणं खवळलं. अर्ज करणाऱ्यांना संरक्षण द्यायला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. अखेर सरकारने अर्ज मानला आणि मराठी ग्रंथांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत फुल्यांच्या शाळांनाही याच दक्षिणा फंडातून मदत मिळाली. विद्वान ब्राह्मणांसाठी सुरू झालेला पैसा शंभर-सव्वाशे वर्षांत मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळेपर्यंत आला! फुल्यांची शाळाही खासगीच होती, तिच्यामागे एक मंडळी होती. म्हणजे ज्या व्यवस्थेला आज आपण अनुदान म्हणतो, तिचा आराखडा तेव्हाच तयार झाला होता. शिकवणारा खासगी, पैसा सरकारी आणि तो कोणाच्या पदरात पडावा यावर कडाक्याचं भांडण.

या आराखड्याला कायमची चौकट मिळाली ती १९ जुलै १८५४ च्या खलित्यात. चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खलित्याने ठरवलं, की खासगी संस्था चांगलं ऐहिक शिक्षण देत असेल, तिचा कारभार नीट असेल, ती सरकारी तपासणीला दार उघडत असेल आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेत असेल, तर तिला सरकारने मदत द्यावी. तिथे धर्म कोणता शिकवतात, याची चौकशी सरकार करणार नव्हतं. मिशनऱ्यांच्या शाळांना हे फारच सोयीचं होतं.

मग १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबरला फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवलं. सरकारचं उत्पन्न बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतं आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, अशी मागणी केली. त्या काळी मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा उपकर होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवलेला असे. नाणे मावळातला किंवा पवन मावळातला भातकरीही तो भरत होता. त्याच्या मुलाला शाळा होती की नाही, हा फुल्यांचा प्रश्न होता.

हंटर आयोगाने शिफारस केली, की प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांनी चालवाव्यात आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून ते खासगी संस्थांवर सोपवावं, मदतीला अनुदान द्यावं. आता मावळाकडे पाहा. वाडीतलं मूल पहिलीला जातं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत. आठवीला मात्र ते बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेच्या हायस्कुलात येतं, मग ते तळेगावात नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाचं असो की लोणावळ्यात विद्या प्रसारिणी सभेचं. सातवीपर्यंत सरकार आणि आठवीपासून संस्था, ही वाटणी आपल्याला निसर्गासारखी वाटते. ती केली आहे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका आयोगाने. भारतातल्या ऐंशी हजारांच्या आसपास अनुदानित शाळांपैकी सुमारे चोवीस हजार एकट्या महाराष्ट्रात आहेत. दुसऱ्या कोणत्याही राज्यात संस्था आणि सरकार यांचा संसार इतका मोठा झालेला नाही, असं या आकड्यांकडे पाहून म्हणावंसं वाटतं.

पण अनुदान म्हणजे अंकुशही आलाच, आणि तो नको म्हणणाऱ्यांचा प्रयोगही मावळातच झाला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. त्याच काळात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापकी केलेले, ‘ग्रंथमाला’ मासिक चालवणारे विष्णु गोविंद विजापूरकर समर्थ विद्यालय उभारत होते. त्यांच्या पाठीशी लोकमान्य टिळक होते. विद्यालय पुढे तळेगावला आलं. सरकारची मदत घ्यायची नाही, सरकारचा अभ्यासक्रमही घ्यायचा नाही, मुलांना मातृभाषेतून आणि हाताला काम देऊन शिकवायचं, असा बाणा होता. पैसा लोकांचा. तळेगावला लोकांच्या पैशाची सवयही होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये इथेच काचेचा कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तिथे काच फुंकायला शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. कारखाना होता आणि शाळाही होती. सरकारचा छदामही न घेता सार्वजनिक पैशातून शिक्षण कसं उभं राहतं, याचे दोन नमुने एकाच गावात, एकाच वेळी!

त्यातला एक टिकला नाही. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला म्हणून १९०८ मध्ये खटला झाला आणि विजापूरकर तुरुंगात गेले. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडलं. अनुदान तोडण्याची धमकी देऊन वाकवावं अशी ती शाळा नव्हतीच, कारण तोडायला अनुदानच नव्हतं. सरकारपुढे थेट बंदीचाच मार्ग उरला. पुढे त्याच परंपरेतून तळेगावात पुन्हा शाळा उभ्या राहिल्या आणि स्वतंत्र भारतात त्याच संस्थेच्या शाळांनी अनुदान घेतलं. मला यात विसंगती दिसत नाही. १९१० मधलं सरकार परक्याचं होतं. नंतरचं सरकार लोकांनी निवडलेलं आहे, त्याच्या तिजोरीवर मावळातल्या मुलाचा हक्क आहे.

आज हे यंत्र चालतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अनुदानित हायस्कूलच्या शिक्षकाला नेमणुकीचं पत्र देते संस्था. सेवेच्या अटी ठरवतो १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा. पगार येतो सरकारकडून, ‘शालार्थ’ नावाच्या संगणकप्रणालीतून. शिक्षक किती असावेत हे ठरतं संचमान्यतेत आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी पटावर दहा मुलं कमी भरली, तर एखादा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी जाऊ शकतो. म्हणून मे महिन्यात हायस्कूलचे सर आणि मॅडम वाड्यावस्त्यांवर फिरून पालकांना विनवताना दिसतात, ‘तुमची पोरगी आमच्याकडेच पाठवा.’ खडू, वीजबिल, दुरुस्ती यांसाठीचं वेतनेतर अनुदान वेगळं असतं आणि ते वेळेवर व पुरेसं मिळत नाही, अशी मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार आहे.

एकाच शिक्षकखोलीत एकाच विषयाच्या चार शिक्षकांचा पगार चार तऱ्हांचा असू शकतो. एकाला पूर्ण वेतन मिळतं. दुसरा शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर; माध्यमिकला ते २०२३ पासून महिना १८ हजार रुपये आहे, त्याआधी ८ हजार होतं. तिसरा अंशतः अनुदानित तुकडीवर, त्याला वेतनाचे वीस, चाळीस किंवा साठ टक्के. चौथा विनाअनुदानित तुकडीवर, संस्था देईल त्यावर. फळ्यावर मात्र चौघेही एकच प्रमेय सोडवतात.

ही तिसरी आणि चौथी तऱ्हा कशी जन्मली? पूर्ण अनुदानाचा भार पेलेना, तसं सरकारने ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या. शाळा काढा, पण कधीही पैसे मागू नका. शाळा निघाल्या, खेड्यापाड्यांतही निघाल्या. तिथली मुलं फी कुठून देणार? शिक्षक वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट राबले. अखेर २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने ‘कायम’ हा शब्द काढला. मूल्यांकन करून, २० टक्क्यांपासून सुरुवात करत टप्प्याटप्प्याने अनुदान द्यायचं ठरलं. पण पुढचा टप्पा मिळवायला प्रत्येक वेळी आंदोलन करावं लागतं. जुलै २०२५ मध्ये भर पावसात हजारो शिक्षक आझाद मैदानावर बसले होते, ते मंजूर झालेल्या वाढीव टप्प्याला प्रत्यक्ष निधी मिळावा म्हणून. त्याच वर्षी नागपूरकडे बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण उघडकीला आलं. नियमबाह्य नेमणुकांवर सरकारी पगार निघत होता. खरा शिक्षक मैदानात आणि खोटी नेमणूक पगारपत्रकात, हे चित्र पाहून संताप येतो.

आतापर्यंतचा पैसा शिक्षकाच्या मागे जाणारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दुसरी वाट उघडली, मुलाच्या मागे जाणारा पैसा. कलम १२(१)(ग) सांगतं, की विनाअनुदानित खासगी शाळेनेसुद्धा प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सरकार आपल्या शाळेत मुलामागे जितका खर्च करतं तितकी किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम शाळेला परत मिळते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये राहिला आहे. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सूट मिळाली आणि २०१४ मध्ये ती सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना लागू झाली. आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी शाळांची योजनाही याच जातीची. पुणे जिल्ह्यातलं तिचं काम घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडे आहे. ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत शिकतं आणि फी विभाग भरतो.

प्रवेशाचा अर्ज भरताना पालकाला संकेतस्थळावरच्या नकाशात एक लाल फुगा ओढून बरोबर आपल्या घरावर ठेवावा लागतो. त्या फुग्यापासून अंतर मोजून शाळांची यादी येते, मग सोडत निघते. सायबर कॅफेतल्या मुलाच्या खांद्यावरून आई वाकून पाहते आणि सांगते, ‘अजून थोडा डावीकडे घे, ओढ्याच्या अलीकडे.’ मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा रस्ता त्या बोटभर सरकण्यावर ठरू शकतो.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलले. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून मोकळीक. सरकारची बाजू अशी, की आपली शाळा शेजारी असताना दुसऱ्याला पैसे का मोजायचे? खासगी शाळाही परताव्याची थकबाकी वर्षानुवर्षं मिळत नाही म्हणून वैतागलेल्या होत्या. वरवर पाहता दोन्ही म्हणणी रास्त वाटतात. पण हा नियम मावळाच्या नकाशावर ठेवून पाहा. लोणावळ्यात किंवा तळेगावात खासगी शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात नगरपरिषदेची किंवा संस्थेची अनुदानित शाळा बहुधा येणारच. म्हणजे शहरातल्या मुलाला ते दार बंद. आंदर मावळातल्या आडवाटेच्या वाडीजवळ असं वर्तुळ मोकळं सापडेलही, पण तिथे मुळात खासगी शाळाच नाही. जिथे शाळा आहे तिथे हक्क नाही आणि जिथे हक्क आहे तिथे शाळा नाही!

पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी स्थगिती मिळाली. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने नवा नियम रद्द केला, कारण मूळ कायद्यात नसलेली सूट नियमाने देता येत नाही. निकालाची तारीख होती १९ जुलै २०२४. वुडच्या खलित्याला त्या दिवशी बरोबर एकशे सत्तर वर्षं झाली. कोणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला.

जगात हे भांडण सगळीकडे झालं आहे. नेदरलँड्समध्ये ते अनेक दशकं चाललं आणि १९१७ मध्ये राज्यघटना बदलून मिटलं. सरकारी आणि खासगी शाळांना सारखाच पैसा. आज तिथली जवळजवळ दोनतृतीयांश मुलं खासगी शाळांत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न गावात १९६२ मध्ये आरोग्य खात्याने एका कॅथलिक शाळेला आणखी तीन शौचालयं बांधायला सांगितली. पैसे नव्हते. मग गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळांनी कुलूप ठोकलं आणि आपली मुलं सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली. जागा होती जेमतेम साडेसहाशेंना. खासगी शाळा सरकारचा किती भार उचलते, हे एका आठवड्यात साऱ्या देशाला दिसलं. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने खासगी शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांना मदत देऊ केली.

आपल्या संस्थांनीही उद्या कुलूप लावलं, तर महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण एका दिवसात थांबेल. त्यामुळे खासगी शाळांना सरकारी पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकाली निघाला आहे. तो द्यावाच लागेल आणि पुरता द्यावा लागेल. शिक्षकाला वीस टक्के पगार देऊन त्याच्याकडून शंभर टक्के शिकवण्याची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. पण पैसा घेणाऱ्या संस्थेने नेमणुकीसाठी उमेदवाराकडून लाखो रुपये मागणं, हाही तितकाच उघड अन्याय आहे. आणि जिल्हा परिषदेची वाडीवरची शाळा पडकी ठेवून मुलांना दुसरीकडे पाठवण्याचे पैसे मोजत बसणं, हे फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही. वुडने १८५४ मध्ये घातलेल्या अटींतली फी आपण टाकून दिली, ते योग्यच झालं. तपासणीची अट मात्र आपण ढिली सोडली आहे, ती घट्ट करायला हवी.

त्याची सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सरकारी शाळांप्रमाणे अनुदानित शाळांनाही शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगतं. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया. शाळेला मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर देखरेख ठेवणं, हे त्या समितीचं कायद्यात लिहिलेलं काम आहे; अनुदानित शाळेत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिची भूमिका सल्लागाराची आहे. तुमचं मूल अशा शाळेत असेल, तर समितीवर कोण आहे ते मुख्याध्यापकांना विचारा, पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशी जाऊन अनुदानाचा हिशेब पाहायला मागा.